माझं खेळणं बंद करा

गुरुलिंग बिराजदार भवानी पेठेतल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. शाळेच्या शर्टांचं कापड मोठ्या टेबलावर थरावर थर अंथरायचं, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूनं आखायचं आणि मग मशीननं सगळे थर एका दमात कापायचे, हे त्याचं काम. हात चांगला बसला होता. घरी आई चंद्रव्वा, बायको दानेश्वरी आणि तिसरीतली मुलगी सृष्टी. दानेश्वरी कडक भाकरी करून दोन-तीन दुकानांना द्यायची. घर लहान होतं, पण कुणाच्या दारात हात पसरायची वेळ आली नव्हती.

युनिफॉर्मचं काम उन्हाळ्यात जीव खातं आणि शाळा सुरू झाल्या की एकदम थंडावतं. अशाच एका रिकाम्या श्रावणात गुरुलिंगनं मोबाइलवर रमी उतरवून घेतली. जाहिरातीत एक हसरा माणूस पत्ते पिसायचा, आणि शेवटी कुणीतरी श्वास न घेता एक वाक्य म्हणून टाकायचं, की या खेळात आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीने खेळा. ते वाक्य गुरुलिंग तितक्याच वेगात म्हणून दाखवायचा आणि सृष्टी हसून लोळायची. सुरुवातीची रमी एवढीच होती, घरातली एक गंमत.

पुढच्या दोन वर्षांत ती गंमत राहिली नाही. दानेश्वरीची बोरमाळ गेली, भिशी गेली, तिच्या भावानं आधाराला दिलेले पैसे गेले. गुरुलिंग दारू पीत नव्हता, बाहेर कुठं बसत नव्हता, घरातच भिंतीला टेकून मान खाली घालून असायचा. शेजारणी म्हणायच्या, "तुजा नवरा लई सरळ गं बाई." दानेश्वरी ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायला बसायची.

तो स्वतः सुटायला बघत होता, हे तिला ठाऊक होतं. त्या रमीत स्वतःला थांबवायची सोय होती. एक बटण दाबलं की आपलं खातं बंद व्हायचं. गुरुलिंगनं ते दाबलं होतं. दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला. गोड मराठीत म्हणाली, "सर, तुमची आठवण येतीये. तुमच्यासाठी खास बोनस ठेवलाय."

"मॅडम, मीच बंद करा म्हणालो होतो की."

"ते तात्पुरतं असतं सर. आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा. लगेच चालू करते."

त्यानं सांगितला. पुष्कळ दिवसांनी दानेश्वरीजवळ हे कबूल करताना तो म्हणाला, "तिनं मागितला, आन् मी दिला. मधी विचार म्हणून काय झालाच न्हाय बघ."

मग एका सकाळी त्यानं अख्ख्या ऑर्डरच्या बाह्या डाव्याच कापल्या. साचा उलटा करून उजव्या बाह्या आखायच्या असतात, ते राहूनच गेलं. कापडाच्या कडेला खडूच्या डबीला टेकवून मोबाइल उभा होता. कारखान्याचे मालक सिद्धप्पाअण्णा आले, बाह्यांचा गठ्ठा त्यांनी हातात घेतला, एकेक उलगडून बघितली आणि परत ठेवली. ओरडले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "आज घरी जा. बोलवीन तेव्हा या." ओरडले असते तर बरं झालं असतं, असं गुरुलिंगला वाटलं.

त्याच सुमाराला दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा चंद्रव्वा शेंगा निवडत बसली होती. तिला अर्धंच कळलं. "म्हंजे गुरूची रमी बी?" तिनं विचारलं.

"व्हय अव्वा, ती बी," गुरुलिंग म्हणाला आणि मोबाइल उघडून त्यानं आईला दाखवला. जिथं पत्ते असायचे तिथं आता नुसती एक सूचना होती, उरलेली रक्कम काढून घ्या म्हणून. त्याची उरलेली अशी काही रक्कम नव्हती.

चंद्रव्वा दुसऱ्या दिवशी सिद्धरामेश्वराच्या देवळात जाऊन नारळ फोडून आली. घरात गव्हाची हुग्गी, गूळ घातलेली खीर, केली. जेवताना गुरुलिंगचा हात ताटात थांबला. तो म्हणाला, "माज्या हातानं सुटत नव्हतं. सरकारनं सोडवलं." आणि लहान मुलासारखा रडला. सृष्टी घाबरून आईला चिकटली. दानेश्वरीला मात्र तेव्हा कित्येक दिवसांनी मोकळा श्वास आला.

दिवाळीपर्यंत घर घरासारखं होतं. तो संध्याकाळी सृष्टीला घेऊन बागेत जायचा, आईचे पाय चेपायचा, कापडाच्या चिंध्यांच्या पिशव्या शिवायचा. सिद्धप्पाअण्णांनी त्याला परत टेबलावर घेतलं.

दिवाळी झाली आणि मेसेज आला. गुरुलिंगनं तो स्वतःच दानेश्वरीला दाखवला. 'नमस्कार गुरुलिंगजी. तुमची जुनी रमी बंद झाली ना? आपल्याकडे सगळं चालू आहे. खेळायला आयडी घ्या.' नंबर अनोळखी, नाव कुणाचंच नाही.

"ह्यांना तुमचं नाव कसं कळलं?" दानेश्वरीनं विचारलं.

"मला काय ठावं?"

"आन् तुमी रमी खेळत हुता ते?"

तिनं नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरावरून आला. तोही केला. मग तिसरा. शेवटी दोघांनी जाऊन नवं सिम घेतलं आणि एक साधा, बटणांचा फोन आणला. काही दिवस शांत गेले. पण कारखान्यात ऑर्डरीची मापं, साइजचे तक्ते, कापडाचे फोटो सगळं व्हॉट्सअपवर येत होतं. सिद्धप्पाअण्णा एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा त्यांनी दानेश्वरीलाच निरोप पाठवला, "पोरी, सीझनच्या ऑर्डरी आत्तापासूनच यायला लागल्यात. सारखा माझा मोबाइल मी कुठवर देऊ? त्याला त्याचा फोन दे." तिनं कपाटातला फोन काढून दिला. संध्याकाळी घरी आल्यावर तो तिच्याकडं द्यायचा, एवढं ठरलं. तो रोज न मागता द्यायचा.

जानेवारीत सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली आणि एका दुपारी तो कारखान्यातून जेवायला म्हणून घरी आला. चंद्रव्वा शेजारी गेली होती. दानेश्वरी भाकरी थापत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"दाने, आयडी घेतली मी."

तिचे हात थांबले नाहीत. "कधी?"

"यात्रेच्या आधी. दुपारच्या सुट्टीत. बंद केलेला नंबर मीच परत उघडला. पयला फुकट दिली त्यांनी. मी एकदा जिंकलो बी. खात्यात आले पैसे."

"मग?"

"मग गेले. आनखी गेले." तो जमिनीकडं बघत होता. "माज्याच्यानं व्हत न्हाय दाने. मी लई बघितलं. चल, पोलिसात जाऊ. कायदा हाय की आता. त्यांना सांगू, माजं बंद करा म्हणून."

दानेश्वरीनं तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, पदर सारखा केला आणि त्याच्याबरोबर निघाली. इतका स्वच्छ मार्ग आपल्याला आधी का सुचला नाही, असं तिला वाटत होतं.

पोलीस ठाण्यात बराच वेळ बाकावर बसल्यावर त्यांना आत बोलावलं. टेबलामागं एक पन्नाशीचे अधिकारी होते. शांत माणूस. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या.

"कुणी धमकी दिली का?"

"न्हाय सायेब."

"ओटीपी मागून, लिंक पाठवून पैसे काढून घेतले?"

"न्हाय. मीच भरले."

"मग तक्रार काय आहे तुमची?"

गुरुलिंगनं दानेश्वरीकडं बघितलं. मग म्हणाला, "माजं खेळणं बंद करा."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तुम्ही गुन्हेगार नाही. कायदा तुम्हाला पीडित मानतो."

"मग पीडिताला काय मिळतं सायेब?" दानेश्वरीनं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

अधिकाऱ्यांनी खुर्ची पुढं ओढली. गुरुलिंगचा फोन मागून घेतला आणि त्याच्याकडून साइटचं नाव विचारून घातलं. पान उघडलं नाही. "बघा, ही सरकारनं आधीच बंद केलीये," ते जरा हुरूपानं म्हणाले.

"शेवटाला एक आकडा वाढवा," गुरुलिंग म्हणाला.

त्यांनी वाढवला. पान उघडलं. हिरव्या टेबलाभोवती पत्ते फिरू लागले, कोपऱ्यात कुणीतरी बाई हात हलवत होती. गुरुलिंगनं मान वळवून भिंतीकडं केली.

"हे लोक परदेशात बसलेत," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "आम्ही वर कळवतो, वरून ती बंद होते, संध्याकाळी दुसरी चालू होते. इथला एजंट सापडला तर धरू. तुम्हाला कुणी एजंट भेटला का?"

"न्हाय. नुसता नंबर."

"द्या नंबर. अर्ज लिहून द्या. मी पुढं पाठवतो, एवढं माझ्या हातात आहे." त्यांनी फोन परत करायला हात पुढं केला आणि त्याच वेळी तो वाजला. मेसेज त्यांनाच आधी दिसला. आज खास बोनस होता. त्यांनी तो वाचला आणि फोन पालथा करून दानेश्वरीच्या हातात दिला. "वहिनी, फोन तुमच्याकडंच ठेवा," ते म्हणाले.

तिथून ती त्याला बँकेत घेऊन गेली. काउंटरवरच्या बाईंना तिनं सांगितलं, "मॅडम, ह्या खेळाला यांच्या खात्यातनं पैसे जाऊ देऊ नका."

"कुणाला जातात, नाव सांगा."

गुरुलिंगनं दाखवलं. एकदा कुठल्या फुलांच्या दुकानाच्या नावावर गेले होते, एकदा ट्रॅव्हल्सच्या, एकदा कुणा बाईच्या. प्रत्येक वेळी नाव वेगळं.

"यात खेळ कुठं आहे?" बाई म्हणाल्या. "मी थांबवू कुणाला? फुलांचे पैसे थांबवू?" त्या चांगल्या होत्या, मागं रांग वाढत होती तरी त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. शेवटी त्यांनी गुरुलिंगच्या मोबाइलवरून पैसे पाठवायची सोयच बंद करून टाकली. "आता पैसे काढायचे तर इथं यायचं आणि स्लिप भरायची," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर गुरुलिंगनं दानेश्वरीला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. दोघांना वाटलं, एक दार तरी लागलं.

पगार झाला तेव्हा दानेश्वरी स्लिप घेऊन बँकेत गेली. त्याच बाईंनी खातं उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. खातं गोठवलेलं होतं. गुरुलिंग एकदा जिंकला होता आणि त्याच्या खात्यात जे पैसे आले होते, ते ज्या खात्यातून आले त्या खात्यावर दुसऱ्या एका राज्यात फसवणुकीची केस होती. तिथल्या पोलिसांनी त्या खात्यातून पैसे जिथं जिथं गेले ती सगळी खाती थांबवली होती.

"पण पगार त्यांच्या कष्टाचा हाय की मॅडम."

"मला कळतंय. पण आमच्या हातात नाही. तिकडच्या पोलिसांचं पत्र आल्याशिवाय आम्ही उघडू शकत नाही."

"मग त्यांना कुणी सांगायचं?"

"तुम्ही. मेल करा, नाहीतर जाऊन भेटा."

सिद्धप्पाअण्णांच्या हिशेबनिसानं इंग्रजीत मेल लिहून दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिला. ठाण्यातल्या त्या शांत अधिकाऱ्यांनीही तिकडं फोन लावून बघितला. कुणी उचलला, पण भाषा जुळेना, आणि मग म्हणे तपास अधिकारी रजेवर. दानेश्वरी घरी येऊन चंद्रव्वाला म्हणाली, "अव्वा, चोर सापडला न्हाय, आन् आमच्या चुलीवर पाणी वतलं." चंद्रव्वानं विचारलं, आपण काय गुन्हा केला? हेच तर सगळे सांगत होते, की तुम्ही काही गुन्हा केलेला नाही.

या सगळ्यात गुरुलिंग मात्र बोलायचा बंद झाला. जेवायला बसवलं तर बसायचा. सृष्टीनं ते भराभर म्हणायचं वाक्य एकदा म्हणून दाखवलं, तर उठून बाहेर गेला. दानेश्वरीला भीती वाटायला लागली ती वेगळ्याच गोष्टीची. ती त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं गेली. तिथंही गर्दी होती, पण तरुण डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि त्याचं सगळं ऐकलं. हा आजार आहे, असं म्हणणारा तो पहिला माणूस होता. गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं.

"सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही महिने यांना मोबाइलपासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले.

दानेश्वरीला माहेर आठवलं. अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून असलेलं तिच्या वडिलांचं गाव. निंगप्पा तिथं एकटेच राहत होते, थोडी शेती आणि शेळ्या. सिद्धप्पाअण्णांनी ऐन सीझनमध्ये नाखुशीनं रजा दिली आणि टेबलावर दुसरा कटर बसवला. तात्पुरता, म्हणाले. चार आठवड्यांच्या गोळ्या एकदम घेऊन, फोन न देता, तिनं नवऱ्याला वडिलांच्या स्वाधीन केलं. निंगप्पांना तिनं एवढंच सांगितलं, की यांची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. जावयाचं नाव खाली पाडायला तिची जीभ रेटली नाही.

रोज संध्याकाळी निंगप्पा स्वतःच्या टचच्या फोनवरून लावून द्यायचे. गुरुलिंग थोडंसं बोलायचा. माळावर शेळ्या घेऊन जातो म्हणायचा. एक शेळी व्याली, दोन्ही करडं जगली, तुझ्या बापाच्या हातची आमटी लई तिखट असती. आवाजात थोडी धुगधुगी येत होती. भाकरीच्या पैशावर घर ओढत दानेश्वरी दिवस काढत होती, आणि त्या संध्याकाळच्या बोलण्याकडं तिचं दिवसभर लक्ष लागलेलं असायचं.

एका दुपारी निंगप्पांचा फोन आला. ते हसत होते.

"काय गं दानव्वा, नवऱ्याला कामाला लावू देतीस का न्हाय? न्याहारी झाल्यापास्नं फोन घिऊन तिकडं झाडाखाली तुज्याशीच बोलत बसलाय न्हवं. शेळ्या तशाच बांधल्यात. आत्ता विहिरीवर गेला म्हणून फोन माज्या हाताला लागला."

दानेश्वरी भाकरी थापत होती. सकाळपासून तिला एकही फोन आलेला नव्हता.

"कालबी असंच," निंगप्पा म्हणाले. "मी म्हनलं, असू दे. बायको-लेकरासाठी जीव तुटत असंल बिचाऱ्याचा."

"अप्पा," ती म्हणाली. तिनं पिठाचा हात पदराला पुसला. "अप्पा, फोन जरा तुमच्याजवळ ठेवा."

"का गं? बोलू दे की. तेवढंच मन रमतंय."

"ते आले की त्यांच्याकडं द्या."

ती वाट बघत राहिली. पलीकडून करडांचं ओरडणं ऐकू येत होतं, मग बादली ठेवल्याचा आवाज, मग वडिलांचं कानडीत काहीतरी, मग पावलं. फोन त्याच्या हातात गेला हे तिला श्वासावरून कळलं.

"दाने."

"खेळलात?"

"पैसे नकोत म्हणतेत आता. उधारीवर खेळा म्हणतेत. सुगीला द्या. अप्पांची शेती हाय ते बी ठावं हाय त्यांना."

"कोण सांगतं त्यांना?"

"मीच सांगितलं आसंल. न्हाय आठवत." मग एकदम त्याचा आवाज फुटला. "दाने, मला हितनं ने. आजच ये. मला ने हितनं."

तव्यावरची भाकरी करपत होती. पलीकडच्या खोलीत चंद्रव्वा सृष्टीची वेणी घालत होती. गल्लीतून कुणीतरी फोनवर मोठ्यानं बोलत गेलं, त्याच्यामागून आणखी एक जण मोबाइल बघत गेला.

"येते," दानेश्वरी म्हणाली. "पण तुमाला नेऊ कुटं?"

तिनं तवा खाली उतरवला, चंद्रव्वाला भाकरीच्या पिठाकडं बघायला सांगितलं आणि अक्कलकोटची गाडी धरायला स्टँडकडं निघाली.